परीच्या तराजूतल्या कळ्या

फुलांच्या आळीच्या टोकाला, जिथे उजेडसुद्धा वाकून आत शिरतो, अशा एवढ्याशा खोलीत कुंदा आणि तिची आई राहत. आईची नजर अधू झालेली, म्हणून गजऱ्यांच्या गाठी कुंदाच मारायची.

शाळेत ढवळेबाईंनी सांगितलं होतं, जी उद्या गृहपाठाचं गणित फळ्यावर पायऱ्यांसकट सोडवेल, तिला शिष्यवृत्तीच्या वर्गात घेऊ. आणि आई म्हणाली होती, साऱ्या आळीला ऐकू गेलं बरं का, की तिथे नंबर लागला नाही तर पुढची शाळा आपल्याला झेपायची नाही.

गणित दिसायला इवलंसं. तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस. कुंदा पाच खोडायची, मग वीसचे तीन सारखे भाग करू बघायची, ते काही केल्या होईनात. खोडूनखोडून कागदाला भोक पडलं.

ऊन उतरायच्या आत कळ्या खुडायला ती बागेत गेली. पाहते तर मोगऱ्याच्या ताटव्यात, कोळ्याच्या रुपेरी जाळ्यात एक चिमुकली परी अडकलेली! जांभळे-सोनेरी पंख थरथर कापत होते. गणित राहिलंय, उजेड चाललाय, हे कुंदाला कळत होतं. तरी ती खाली बसली आणि गजऱ्याच्या सवयीच्या बोटांनी तिने एकेक तंतू सोडवला.

"माग काय हवं ते," परी म्हणाली. "पण माझा नियम आहे हं. जेवढं देईन, तेवढंच तुझ्याकडून घेईन. दोन्ही बाजू सारख्या."

"गणिताचं उत्तर दिलंस तर काय घेशील?"

"तुझ्या बोटांतलं गाठी मारायचं कसब."

कुंदाचे डोळे भरून आले. "मग नको गं. आईला दिसत नाही, गजरे कोण बांधणार?" जराशाने तिने भीतभीत विचारलं, "आणि नुसतं कसं करायचं ते दाखवलंस तर?"

परी खुदकन हसली. "दाखवल्याने काही कमी होत नाही, बाळ."

तिने जास्वंदीच्या लालचुटुक पाकळ्यांचा तराजू केला. एका पारड्यात पानांचे तीन मिटलेले द्रोण आणि पाच सुट्या कळ्या, दुसऱ्यात वीस कळ्या. द्रोणांत कळ्या सारख्याच, पण किती ते गुपित. कुंदाने सुट्या पाच उचलल्या आणि तराजू एकदम कलला. तिचा जीव खालीवर झाला.

"दुसरीकडून किती काढल्यास?" परीने विचारलं.

कुंदाने तिकडूनही पाच काढल्या. तराजू सरळ झाला! उरलेल्या पंधरा कळ्यांचे तिने तीन द्रोणांसाठी तीन सारखे ढीग केले. एकेका ढिगात पाच.

"ताळा जुळेपर्यंत मी वेणीत बसते तुझ्या," म्हणत परी केसांत शिरली.

दुसऱ्या दिवशी कुंदा फळ्यापाशी गेली. दोन्ही बाजूंतून पाच वजा, तिने लिहिलं. मग दोन्ही बाजूंना तीनने भाग. क्ष बरोबर पाच.

"ताळा?" बाईंनी विचारलं.

कुंदाने द्रोणांतल्या कळ्या आठवल्या. "तीन पाचे पंधरा, आणि पाच... वीस."

बाईंनी नुसतं शिष्यवृत्तीच्या वर्गाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची रडवेली हौसा कुजबुजली, कसं गं केलंस?

"ये, दाखवते," कुंदा म्हणाली.

आता खरा ताळा जुळला, आणि तिची वेणी लखकन उजळली. खडूची सारी धूळ सोनेरी झाली, खिडकीतून एक झगमगता झोत उंच निघून गेला. संध्याकाळी आईच्या हातात गजरा आला, एकूण एक गाठ घट्ट.