उस्ताद ओरडतात तेव्हा

"...पण ओरडता कशासाठी, उस्ताद? माणसासारखं सांगितलं तर आम्हाला कळत नाही का?"

विचारून टाकलं खरं, पण विचारल्यावर इंद्रजित टेकाळेने जीभ चावली. नव्याने भरती झालेल्या रंगरुटाने उस्तादाला असला सवाल करायचा नसतो, हे लष्कराच्या त्या ट्रेनिंग सेंटरच्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं.

हवालदार ज्योतिराम मदने बराकीच्या पायरीवर बसून मांडीवरच्या शर्टाला बटण शिवत होते. रंगरुटांचा शिपाई करणारे ते, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. परेडच्या मैदानावर त्यांचा आवाज फुटला की फाटकावरचा संतरीही उगाच ताठ व्हायचा. आत्ता मात्र ते इतकं हळू बोलले, की इंद्रजितला वाकावं लागलं.

"बरं... मग?"

मग इंद्रजितने मनातलं सगळं ओकून टाकलं. तो गावच्या कबड्डी संघाचा कर्णधार. तो चढाईला आला की समोरचे दोन पावलं मागे सरकायचे. बापाने त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, मास्तरांची छाती झाली नव्हती. आणि इथे उठता-बसता कुणीतरी नाकाला नाक भिडवून कानठळ्या बसवतं. आज सकाळी तर अख्ख्या प्लाटूनसमोर पाणउतारा झाला, आणि...

इथे गाडी अडली.

"आन् रायफल पडली," उस्तादांनी वाक्य पुरं केलं.

होय, पडली. उस्ताद कानाशी ओरडले, बोटं लटपटली आणि रायफल खाली. शिपायाला याहून मोठी नामुष्की नाही. तेव्हापासून एकच शंका पोराचं डोकं पोखरत होती: आपण भित्रे तर नाही? ही शंका घेऊन इथे रोज उभं राहण्यापेक्षा घरी गेलेलं बरं. तेच सांगायला तो आला होता. माझं नाव काढून टाका, म्हणाला. तुमच्यासारखा सदा तापलेला माणूस मला काय शिकवणार, असंही वर बोलून गेला.

उस्तादांनी सुई शर्टात खोचली आणि मनगट पुढे केलं.

"धर."

"काय?"

"नाडी धर."

इंद्रजितने धरली. उस्तादांनी छाती भरून श्वास घेतला आणि...

"सावधान!"

काय सांगावं त्या आवाजाचं! कौलांवरचे कावळे फडफडून उडाले. पलीकडे लंगरमध्ये जेवत बसलेली पोरं तोंडातल्या घासासकट ताडकन उभी राहिली. उस्तादांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांत अंगार होता.

बोटांखालची नाडी मात्र संथ चालली होती. रवंथ करत बसलेल्या बैलासारखी.

इंद्रजित पाहतच राहिला. समोरचा चेहरा खरा मानावा की हातातली नाडी, हे त्याला ठरवता येईना.

"तुम्हाला... राग आलाच नाही?"

"कुनावर यावा?"

इंद्रजितला हसू फुटलं. म्हणजे हे सगळं सोंग! केवढा धोंडा उतरला छातीवरचा. हे आधी कळतं तर रायफल पडलीच नसती, असं त्याने छाती काढून सांगितलं. आता खुशाल ओरडा, म्हणाला, मला काही होत नाही.

"आसं?"

उस्तादांनी शर्टातली सुई उपसली, शर्टाजवळ दोरा तोडला, तो सुईतून काढला आणि दोन्ही त्याच्या हातावर ठेवलं.

"ओव."

एवढंच? इंद्रजितने दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई डोळ्यांपाशी धरली, आणि उस्ताद त्याच्या कानाशी फुटले. त्याचं चालणं, त्याची हनुवटी, त्याची कबड्डी, काहीच सोडलं नाही त्यांनी. हे सोंग आहे, हे इंद्रजितला पक्कं माहीत होतं. पण त्याच्या बोटांना ते कुणी सांगितलं नव्हतं. दोरा डावीकडून गेला, उजवीकडून गेला, आणि सुई मातीत पडली.

"उचल."

त्याने उचलली. पुन्हा तेच. घाम डोळ्यांत उतरला. लंगरमधली पोरं ताटं तशीच टाकून येऊन उभी राहिली होती, कुणी फिदीफिदी हसलंही. इंद्रजितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागाने त्याने दोरा असा काही रेटला, की टोकाचे पार धागे सुटले.

उस्ताद थांबले. दोराही थांबला.

"राग नगं," ते हळूच म्हणाले. "सुईचं भोक बघ."

आणि पुन्हा सुरू झाले, आधीच्या दुप्पट आवाजात.

इंद्रजितने धागे पिळून एक केले. आधी त्याला पोरं दिसेनाशी झाली. मग बराक. मग सुईसुद्धा गेली, राहिलं फक्त ते इवलंसं भोक. आवाज चालूच होता, पण आता तो कुठल्या कुठे, शेजारच्या गावात वाजणाऱ्या बँडसारखा. श्वास संथ झाला. बोटं जागच्या जागी आली.

दोरा आरपार गेला.

पोरांनी एकच गिल्ला केला. इंद्रजितने सुई उंच धरली, दोरा वाऱ्यावर हलत होता. गावच्या कबड्डीत ढाल जिंकली तेव्हाही त्याला इतका आनंद झाला नव्हता. त्याला रडावंसं वाटलं, नाचावंसंही वाटलं.

"मी काय वरडत हुतो रं?" उस्तादांनी विचारलं.

इंद्रजित गडबडला. आता काय सांगावं?

"...ऐकलं नाही, उस्ताद."

आता रट्टा बसणार, या भीतीने पोरं दोन पावलं मागे सरली. उस्तादांनी मात्र मान डोलावली, ओवलेली सुई घेतली आणि पायरीवर बसून बटणाचा राहिलेला टाका घातला. घरी जायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. त्यांनी विचारली नाही, आणि इंद्रजितला ती आठवलीसुद्धा नाही. त्याचं अंग नुसतं सळसळत होतं.

"उस्ताद, उद्यापण असंच ओरडणार ना?"

उस्तादांनी दातांनी दोरा तोडला.

"उद्या न्हाई," ते म्हणाले. "उद्या जित्ता ग्रेनेड हाय. पिन तू काढनार... आन् शेजारी मी हुबा ऱ्हानार."