नदीच्या अजीर्णाची कहाणी

ऐका नदीमाय, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं, गावाला वळसा घालून नदी जात होती. नदीकाठी दोन जावांची दोन शेतं होती. थोरली सरजा, धाकटी आवडा. भाऊ भाऊ एका ताटात जेवत. जावांची मात्र चूल वेगळी, वाट वेगळी, घाटावर धुण्याचा दगडसुद्धा वेगळा. सरजेला एकच लेक, मथू. ती नदीच्या खालच्या अंगाला, कोसभरावरच्या गावात दिली होती.

जावांच्या गावचा एक वसा होता. माघात पाणी निवळलं की रविवारी बायांनी नदीची ओटी भरायची. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, ओंजळीत चिमूटभर भात धरायचा, "माय, तुझं तुला" म्हणायचं, घरी यायचं. आवडा तसं करी. पाण्यात ओंजळ धरून गुमान उभी राही. मग काय होई? बारकी बारकी मासळी येई, तिच्या तळहातावरचा भात टिपून जाई. काठावरच्या बाया म्हणत, "आवडेच्या हाताला नदी जेवते गं."

सरजेनं ते ऐकलं, तिच्या पोटात दुखलं. तीही पाण्यात उतरली, ओंजळ धरली. मासळी आली नाही. येईल कशी? सरजेचे डोळे जावेच्या ओंजळीवर, अन् पाय पाण्यात खळबळत होते. पण थोरल्या जावेला हे सांगणार कोण? ती घरी आली, पदर झटकला, म्हणाली, "तिची एक ओंजळ, तर माझ्या तीन."

पहिल्या वर्षी तिनं घडाभर दूध ओतलं, टोपलीभर भात टाकला. नदीनं मुकाट्यानं गिळलं. मासळी आवडेकडेच गेली. दुसऱ्या वर्षी तीन घडे दूध, तीन टोपल्या भात, वर गुळाची ढेप. नदी जड झाली, संथ झाली. मासळी आवडेकडेच गेली. तिसऱ्या वर्षी तर विचारू नका. वासरं दुधावाचून हंबरत राहिली अन् दुधाचे घडे नदीला गेले.

शेतातही तीच गत. आषाढात आवडेनं एक गाडी शेणखत घातलं, मातीत नीट कालवलं, बांधावरचा लव्हाळा तसाच राखला. सरजेनं पहिल्या वर्षी तीन गाड्या घातल्या, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी नऊ. बांधावरचा लव्हाळा खणून काढला, पार पाण्याच्या कडेपर्यंत खत पसरलं. नवरा म्हणाला, "अगं, पिकाला एवढं लागतं का?" सरजा म्हणाली, "पिकाला नाही लागत. मला लागतं." मग पाऊस आला. पिकानं खाल्लं तेवढं खाल्लं, बाकीचं ओघळीओघळीनं नदीत उतरलं.

मग काय झालं? फाल्गुनात ऊन तापलं. पाणी आटलं, अन् एका सकाळी नदी हिरवी दिसली. सरजेच्या घाटावर सगळ्यात हिरवी. सरजेला आनंद मावेना. घरोघर सांगत सुटली, "माझ्या ओटीनं नदीमाय तृप्त झाली, हिरवा शालू नेसली. बघा जाऊन, आवडेच्या घाटाला आहे का असा काठपदर?" गावच्या बाया आल्या, शालूला हळदकुंकू वाहून गेल्या. आवडा तेवढी म्हणाली, "जाऊबाई, शालू नव्हे, शेवाळ आहे. वास येतोय." सरजेनं नाक मुरडलं. "तुझ्या डोळ्यांत खुपतंय, दुसरं काय?"

शेवाळ जाड झालं, गोधडीएवढं झालं. खालचं पाणी घुसमटलं. चौथ्या दिवशी सरजा पाण्यात उतरली, ओंजळ धरली, अन् मासळी आली. तीन वर्षं जिची वाट पाहिली ती मासळी सरजेच्या हाताला आली, पण पांढरं पोट वर करून आली.

त्याच दुपारी सरजेच्या दारात एक म्हातारी आली. पोट फुगलेलं, केस हिरवे, चिकट. म्हणाली, "बाई, श्वास घेववत नाही. टेकू का जरा?"

"टेक, आजी. काय खाल्लंस एवढं?"

"मी कुठली खातेय? एकीनं कोंबलं. तीन वर्षं कोंबतेय."

"कोण गं ती अवदसा?"

म्हातारी सरजेकडे बघत बसली. सरजेनं ओळखलं, पाय धरले. पण बायांनो, मत्सर कसा असतो बघा. पाय धरून तिनं पहिलं काय विचारलं? "माय, खरं सांग. माझी ओटी गोड लागली, का आवडेची?"

म्हातारी म्हणाली, "आवडेची जिरली. तुझी अंगावर आली." मग काठी टेकत उठली. "जाते. मला थांबता येत नाही. खालच्या गावी तुझी मथू वाट बघतेय. तिथल्या बायांनी घाट सोडला, विहीर धरली. सासूनं मथूला बजावलं, हे पाणी पिऊ नको. ती ऐकत नाही. म्हणते, हे माझ्या आईच्या घाटावरून येतं, माझी आई मला वाईट का पाठवील? रोज पहिली ओंजळ डोळ्यांना लावते अन् पिते. तीन दिवस झाले, पोटात अन्न ठरत नाही. सातवा महिना आहे तिला."

तीन वर्षांत पहिल्यांदा तिला आवडा आठवली नाही. "माय, उपाय सांग."

"सांगेन. पण तू उतशील, मातशील, जावेच्या टोपलीत डोकावशील."

"उतणार नाही, मातणार नाही." तिसरं वचन काही तिच्या तोंडून निघेना. म्हातारी हसली, म्हणाली, "बरं, तर ऐक. आधी लेकीला खरं सांग. मग माझ्या अंगावरचं शेवाळ हातानं काढ, तुझ्या घाटापासून तिच्या घाटापर्यंत. ते कुजवून शेताला घाल, तुझं होतं ते तुला परत. बांधावर लव्हाळा लाव. अन् माझी ओटी मला नुसती दाखव, घरी नेऊन भुकेल्याच्या तोंडी घाल." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

सरजा अनवाणी धावत गेली. मथू खाटेवर पडली होती, उशाशी नदीचाच तांब्या. सरजेनं तो अंगणात रिकामा केला. "हे पाणी पिऊ नको, बाळ."

"का गं आई? तुझ्याकडचं आहे."

"म्हणूनच. त्यात माझं जळणं आहे. तुझ्या काकूला कमी दाखवायला मी ओतत गेले. ते तुझ्या दारी येतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही." मथू रडली, सरजा रडली. मग सरजेनं विहिरीचं पाणी उकळून निववलं, लेकीला घोटघोट पाजलं.

मग सरजा पाण्यात उतरली. एकटीनं तीन दिवस शेवाळ ओढलं, तीन हात पाणी मोकळं झालं. चौथ्या सकाळी ती आवडेच्या दारात गेली. जन्मात गेली नव्हती. म्हणाली, "आवडे, येतेस का?" आवडा म्हणाली, "जाऊबाई, कधीची वाट बघतेय. टोपली कुठली घेऊ?"

दोघी कामाला लागल्या. अन् बायांनो, आवडेची टोपली आधी भरली. सरजेचा तिळपापड झाला. दात ओठ खाऊन म्हणाली, "तिची एक, तर माझ्या तीन." पण या खेपेला टोपल्या नदीतून बाहेर येत होत्या. दोन्ही गावच्या बाया बघत होत्या, त्याही पदर खोचून उतरल्या. आषाढात पूर आला, उरलंसुरलं धुऊन गेला. बांधावर लव्हाळा उभा होता, कुजल्या शेवाळाचं एक गाडी खत शेतातच राहिलं, अन् पीक काही कमी आलं नाही. मथू बरी झाली, तिला मुलगी झाली.

पुढचा माघ आला. रविवारी दोघी जावा चिमूटभर भात धरून पाण्यात उभ्या राहिल्या, सरजेची टोपली भुकेल्यांसाठी काठावरच राहिली. पाणी एवढं नितळ की पायाची नखं दिसत होती. खालच्या घाटावर मथूनं पहिली ओंजळ डोळ्यांना लावली, लेकीच्या कपाळाला लावली. वरच्या घाटावर मासळी आली. पुन्हा आवडेच्याच हाताला आली. सरजेनं पाहिलं. पोटात दुखलं. पण ते तिनं पोटातच ठेवलं, पाण्यात टाकलं नाही.

जशी सरजेला नदी फिरून भेटली, मथूला माहेरचं पाणी गोड लागलं, तशी नदीमाय तुम्हां आम्हां भेटो, आपल्या लेकींच्या दारी नितळ पोचो. तीन टोपल्यांची कहाणी चिमूटभर भातात सुफळ पुरी झाली.