अर्ध्या काट्याची गाडी

एका डोंगरगावात एक घड्याळबाई राहत होती. गावातली बंद पडलेली घड्याळं तिच्या दुकानात यायची आणि टिकटिकत घरी जायची. तिचा हात भारी हलका. आणि अशा या शांत, सोशिक बाईकडे काय असावं? एक तांबडी, बुटकी, दोनच माणसं मावणारी स्पोर्ट्स कार! तिच्या मावशीची होती ती. गुडघे दुखायला लागल्यावर मावशीला त्या गाडीत बसता येईना, मग तिने ती भाचीला देऊन टाकली.

गाडीचं इंजिन जुन्या धाटणीचं होतं, म्हणजे स्वतःच्या दमाने हवा ओढणारं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना टर्बो असतो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो आणि ताकद वाढवतो. तांबड्या गाडीत तसलं काहीही नव्हतं.

त्या गावात दर वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी घाटाची शर्यत व्हायची. पायथ्याच्या पारापासून माथ्यावरच्या धर्मशाळेपर्यंत बावीस वळणं. एकेक गाडी सोडायची, वेळ मोजायची आणि फळ्यावर खडूने लिहायची. घड्याळबाई चार वर्षं शर्यतीत उतरत होती आणि चारही वर्षं शेवटून दुसरी आली होती. तिच्या मागे फक्त दुधाची व्हॅन असायची, आणि तीसुद्धा भरलेल्या कॅनसकट.

पहिला नंबर ठरलेला, पेढेवाल्याचा. त्याची निळी गाडी टर्बोची होती. तो जिंकायचा, मानाचा फेटा बांधायचा आणि स्वतःच्याच दुकानातले पेढे गावभर वाटायचा. घड्याळबाईच्या हातावर पेढा ठेवताना म्हणायचा, "घ्या बाई. तुमची गाडी वर पोचेपर्यंत माझा खवा आटून होतो!"

लोक हसायचे. बाईही हसायची, पण पेढा काही तिच्या घशाखाली उतरायचा नाही.

त्या वर्षी बातमी आली. डोंगरातून बोगदा तयार झाला होता. पुढच्या वर्षीपासून घाट गाड्यांना बंद. म्हणजे यंदाची शर्यत शेवटची! 'एकदा तरी त्या फळ्यावर माझं नाव सगळ्यात वर दिसायला हवं होतं,' घड्याळबाईला वाटलं. तिने दुकान बंद केलं, गाडी काढली आणि ती थेट पायथ्याच्या मिस्त्रीकडे गेली. शर्यतीला बारा दिवस उरले होते.

"मिस्त्री, माझ्या गाडीला टर्बो बसवा."

मिस्त्रीचे डोळे चमकले. फळीवर फडक्यात गुंडाळलेला एक टर्बो त्याच्याकडे कधीचा पडून होता, आणि असं काम कुणी घेऊन येईल याची तो वाटच बघत होता. पण माणूस सरळ होता.

"बसवतो की! पण आधी एक सांगून ठिवतो, बाई. ह्यो पंखा नुसता अडकवून भागत न्हाई. इंजिन उघडाय लागतंय, आतलं पिस्टन बदलाय लागत्यात. आन् एकदा बदललं की पयलं इंजिन परत मिळायचं न्हाई. ह्ये बनवणारी कंपनी कवाच बंद पडली."

घड्याळबाईने विचारलं, "पण ताकद वाढेल ना?"

"दीडपट!"

दीडपट! बाईच्या तोंडातून 'हो' निघणारच होतं. तेवढ्यात मिस्त्रीने हात पुसले आणि तो गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसला. "चला, येक चक्कर मारू. इंजिन ऐकल्याबिगर मी पाना हातात घेत न्हाई."

हा त्याचा रिवाज होता. मोटार असो की पाण्याचा पंप, आधी ऐकायचं आणि मगच उघडायचं. गावातले उतावळे लोक त्यावरून त्याची थट्टा करायचे.

गाडी घाटाला लागली. पहिलं वळण, दुसरं वळण. बाई छान चालवत होती. वळणातून जायची रेषा नेमकी, ब्रेक वेळेवर. मिस्त्री मान डोलावत होता. मग सरळ चढ आला, इंजिनाचा आवाज वाढू लागला, इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेतं ते दाखवणारा काटा चार हजारावर पोचला, आणि बाईने झटकन गिअर बदलला.

"का बदलला?" मिस्त्रीने विचारलं.

"काटा अर्ध्यावर आला ना."

"मंग?"

"मग काय? मी घड्याळाला चावी देते तेव्हा शेवटच्या पिळापर्यंत कधी जात नाही. स्प्रिंग तुटते. पंधरा वर्षांत माझ्या हातून एक स्प्रिंग तुटलेली नाही, मिस्त्री!" बाईने अभिमानाने सांगितलं.

मिस्त्रीने तबकडीवरच्या लाल रेघेकडे बोट दाखवलं; त्या रेघेपुढे इंजिन न्यायचं नसतं. "लाल रेघ कितीवर हाय?"

"साडेआठ हजारावर."

"आन् तुम्ही कितीवर थांबताय?"

"चार हजारावर."

"चार वरसं?"

"चार वर्षं."

मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. "अवो बाई, ह्ये घड्याळ न्हाई! असल्या इंजिनाची समदी ताकद वर ऱ्हाती, सा हजाराच्या वर. तुम्ही रोज त्याच्या उंबऱ्यापातूर जाताय आन् तिथनंच माघारी फिरताय! इंजिन तापलंय, तेल बरोबर हाय. आता पुढचं वळण गेलं की मी सांगीस्तोवर गिअरला हात लावायचा न्हाई."

वळण गेलं. बाईने पाय दाबला. चार हजार झाले आणि तिचा हात आपोआप गिअरकडे गेला.

"हात काढा!"

तिने हात काढला. पाच हजार. तिने ओठ घट्ट मिटले. आता काहीतरी तुटणार, आता खडखडाट होणार! सहा हजार झाले. आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. इतका वेळ गुणगुणणारी गाडी मोकळ्या गळ्याने गायला लागली. सात हजार! पाठ सीटला टेकली, कठड्याचे दगड भराभर मागे पळायला लागले. आठ हजार!

"आता बदला!" मिस्त्री ओरडला.

गिअर बदलला, आणि गाडी पुन्हा तशीच सुटली. घड्याळबाई, जी दुकानात कधी शिंकलीसुद्धा मोठ्याने नव्हती, ती चक्क किंचाळली. "मिस्त्री! ही गाडी पळते हो! ही गाडी पळते!"

"मंग काय, चालायला बनवलीया व्हय?" मिस्त्रीही ओरडून म्हणाला. तोही मनातून खूश झाला होता.

माथ्यावर पोचल्यावर बाईने गाडी थांबवली. तिचा चेहरा उजळला होता. मिस्त्री खाली उतरला आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "आता तुमचं तुम्ही ठरवा. टर्बो वाईट वस्तू न्हाई. पेढेवाल्याला मीच बसवून दिलाय आन् त्याच्या गाडीला त्यो शोभतोय बी. तुमच्याबी गाडीची ताकद वाढंल, खोटं न्हाई सांगत. बारा दिसात काम करून देतो."

घड्याळबाई विचारात पडली. शर्यत शेवटची होती. दीडपट ताकद समोर तयार होती. नको म्हटलं आणि हरली, तर पुन्हा संधी नव्हती. आणि हो म्हटलं, तर आत्ता ऐकलेला तो आवाज पुन्हा कधी ऐकू येणार नव्हता.

"नको, मिस्त्री," ती शेवटी म्हणाली. "निम्मी गाडी तर मी आज पहिल्यांदा पाहिली. जी कधी वापरलीच नाही, तिच्यात उणीव आहे असं कुठल्या तोंडाने म्हणू? आधी मला ती पुरती चालवता येऊ दे."

खाली परतल्यावर मिस्त्रीने सुस्कारा टाकला आणि फडक्यातला टर्बो फळीवर आणखी आत सरकवून ठेवला. हातचं काम गेलं होतं, वाईट वाटणारच.

मग शर्यतीपर्यंत रोज सकाळी दुकान उघडण्याआधी बाई घाटात जायची. सवय काही एका दिवसात मोडत नाही. पहिले तीन दिवस पाच हजारावरच तिचा हात वळवळायचा. चौथ्या दिवशी सात हजारावर पाय कच खायचा. नवव्या दिवशी ती एका वळणात इतकी घसरली, की गवताच्या भाऱ्याला धडकता धडकता वाचली आणि घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायली. दहाव्या दिवशी ती पुन्हा गेली.

रविवार उजाडला. सगळा गाव घाटात, वळणावळणावर माणसं. पेढेवाला आधी सुटला. निळी गाडी सरळ रस्त्यावर अशी झेपावली, की पोरं टाळ्या पिटायला लागली. वेळ लिहिली गेली: नऊ मिनिटं एक्केचाळीस सेकंद. आजवरची सगळ्यात कमी! वरून फोनवर ती वेळ कळताच पायथ्याशी लोकांनी हळहळत घड्याळबाईकडे बघितलं.

झेंडा पडला आणि तांबडी गाडी सुटली.

सरळ रस्त्यावर ती निळ्या गाडीएवढी जोरात नव्हतीच. पण घाटात सरळ रस्ता असतो किती? वळणातून बाहेर पडताना निळ्या गाडीचा टर्बो क्षणभर वारा भरून घ्यायचा आणि मगच उसळी मारायचा. तांबडीचं तसं नव्हतं. पाय दाबला, की त्याच क्षणी गाडी हजर. तो एकेक क्षण बाई वळणावळणावर साठवत चालली होती. वरच्या वळणांवरच्या माणसांना गाडी दिसायच्या आधी आवाज ऐकू आला.

"कोणाची गाडी रे ही?"

"घड्याळबाईची!"

"काहीतरीच काय!"

तेवढ्यात ती समोरून गेलीसुद्धा. अठराव्या वळणावर काटा आठ हजारावर होता आणि बाईच्या मनात जुनी भीती पुन्हा डोकावली. सोडावा का पाय? नाही सोडला! एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, आणि धर्मशाळा!

फळ्याजवळच्या माणसाने घड्याळ दोनदा पाहिलं. मग खडू उचलून लिहिलं: नऊ मिनिटं एकोणचाळीस सेकंद.

सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? दुधाच्या व्हॅनवाला! त्याने आनंदाच्या भरात व्हॅनचा हॉर्न दाबला तो सोडेचना.

घाटाच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला सगळ्यांसमोर बॉनेट उघडून दाखवावं लागे. 'बाईंनी गुपचूप टर्बो बसवला असणार!' म्हणत पेढेवाला रागारागाने पुढे धावला. त्याने वाकून पाहिलं, खालून पाहिलं, टॉर्च मागवून पाहिलं. कुठे टर्बो नाही, कुठे नवा पाइप नाही. इंजिनावरचं कंपनीचं सीलसुद्धा जसंच्या तसं. मावशीने दिलं तेच इंजिन, तेच पिस्टन, तेच सगळं.

पेढेवाला सरळ उभा राहिला. त्याचा राग निघून गेला होता, नुसतं आश्चर्य उरलं होतं. गेल्या वर्षी जिंकलेला मानाचा फेटा डोक्यावरून काढून त्याने बाईच्या हातात दिला आणि विचारलं, "बाई, गाडी तीच, चालवणाऱ्या तुम्हीच. मग गेली चार वर्षं तुम्ही करत काय होतात?"

घड्याळबाईने तांबड्या गाडीकडे पाहिलं. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

"जपत होते," ती म्हणाली.

तात्पर्य एवढंच: आपल्याजवळ जे आहे ते बदलायला निघण्याआधी एकदा पूर्ण वापरून पाहावं; पुष्कळदा उणीव असते ती आपल्या हिमतीत.