पडद्यावरचा तळहात

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याचे पाय कंबरेपासून निर्जीव होऊ लागले. आधी दुकानातली शिडी चढणे सुटले, मग पायातून चप्पल निसटलेलीही कळेना. पाठीच्या कण्यात एखादी धमनी नको तिथे थेट शिरेला जुळली असावी, असा डॉक्टरांना संशय होता. ती जागा सापडेपर्यंत मज्जारज्जू सुजत राहणार, आणि उशीर झाला तर पाय गेलेच म्हणून समजा.

एक वृद्ध तज्ज्ञ आणि त्यांचा शिष्य व्यापाऱ्याच्या मांडीतून बारीक नळी सरकवून, कण्याकडे जाणाऱ्या एकेका धमनीत रंगद्रव्य सोडून चित्रे घेत होते. व्यापारी जागाच होता. एकामागून एक धमनी निर्दोष निघत होती. शेवटी पडद्यावर एक वेडेवाकडे काळे जाळे उमटले.

"पहिला प्रकार, सर. मज्जारज्जूच्या आवरणातली जोडणी," शिष्य घाईने म्हणाला. "इथूनच ग्लू सोडून बुजवू या."

माणसाला सापडल्याची घाई फार. गुरूंनी मात्र ती चित्रमालिका सुरुवातीपासून पुन्हा चालवली आणि नेमका त्या जाळ्यावरच तळहात ठेवला. शिष्य मनातून चिडला. ज्याच्यासाठी सकाळभर जीव टांगणीला लागला, तेच झाकायचे?

"आता काय दिसतं?"

"काहीच नाही, सर."

"शेवटपर्यंत बघ."

रंग ओसरता ओसरता त्याच धमनीतून एक फिकट रेघ वर चढली, आकड्यासारखी वळली आणि मज्जारज्जूवरून खाली उतरली. शिष्याने ती ओळखली: मज्जारज्जूला रक्त पुरवणारी निरोगी धमनी. पाय ज्या रक्तावर तगून होते, ते याच वाटेने येत होते.

"निदान तू बरोबर केलंस," गुरू म्हणाले. "पण हवं ते सापडलं, की डोळे तिथेच बसकण मारतात. दोष ओळखणं हे अर्धं काम. त्याच दारातून निरोगी कोण जगतंय, तेही पाहावं लागतं. ही जोडणी सर्जन पाठ उघडून तेवढीच बंद करतील."

"सापडलं ना? मग टाका की बुजवून," व्यापारी टेबलावरून म्हणाला.

शिष्य त्याच्याजवळ गेला. "सापडलंय, काका. पण इथून बुजवलं तर आमच्याच हातून तुमचे पाय जातील. ऑपरेशन करावं लागेल."

बोलता बोलता त्याने सकाळपासून पहिल्यांदाच त्या पायांकडे पाहिले. डाव्या पायाचा अंगठा अजून किंचित हलत होता.