दोराचं शेवटचं टोक

फार वर्षांपूर्वी डोंगरावरच्या लष्करी ठाण्यासाठी तरण्या खेचरांना तयार करत. सगळी एका दोरात बांधायची आणि रोज एकाने पुढे चालायचं.

तेजाची पाळी आली. गडी असा सुटला की मागे पाहीलच कशाला! कड्यावर दोर ताणला, मधल्या सावळीचे पाय घसरले. शेवटी चालणाऱ्या म्हाताऱ्या धोंडबाने खूर रोवले म्हणून ती वाचली.

वर पोचल्यावर तेजा फुशारला, "ऊन चढायच्या आत आणलं सगळ्यांना!"

"आणलंस कसलं, फरफटवलंस," धोंडबा म्हणाला.

"एवढं कळतं, तर आजोबा, तुम्ही कायम शेवटी का?"

"पुढचा कसा चालतो, ते शेवटच्यालाच कळतं, बाबा."

तेजाने सावळीचे सोललेले गुडघे पाहिले. दुसऱ्या दिवशी दोर निघाला, तेव्हा तो आपणहून शेवटी जाऊन उभा राहिला.