उनवड्याच्या कुंडावरचा काला

कोकणात डोंगराच्या कुशीत उनवडे नावाचे लहानसे गाव आहे. तिथे खडकातून गंधकाच्या वासाचे कढत पाणी येते आणि दगडी कुंडात साठते. हाडे मोडलेली, सांधे आखडलेली माणसे लांबलांबून त्या पाण्यात बसायला येत. त्या वर्षी मुरार महाराज चातुर्मासासाठी गावच्या राममंदिरात उतरले होते. भाविकहो, महाराज कीर्तनाला उभे राहिले की गुरेसुद्धा रवंथ थांबवीत!

कुंडाशेजारच्या खोपीत धाकू भंडारी राहत असे. माडावरून पडल्यापासून त्याचा उजवा पाय लाकडासारखा झाला होता. बायको आधीच वारलेली. भावाने त्याला इथे आणून ठेवले, आणि पुढे भावाचेही येणे थांबले. महाराज मात्र रोज पहाटे येत, त्याला पाण्यात उतरवत आणि पाय हळूहळू वाकवून घेत.

"धाकू, गुडघा आज थोडा ऐकतोय हो!"

"पाण्यात ऐकतो, महाराज. भायेर आलो की पुन्हा रुसतो."

"रुसू दे. आपण रोज समजूत काढू."

गावचे खोत आबाजीराव कंबर धरल्यामुळे कुंडावर येऊ लागले. हे पाहून ते हसले. "काय बोवा, वठलेल्या खोडाला पाणी घालताय? नामस्मरण सोडून तंगडी चोळायचा धंदा कधीपासून?"

"खोतसाहेब, सध्या हेच नामस्मरण," महाराज म्हणाले. "तुम्ही मात्र पाण्यात एकटे बसू नका. कढत पाण्याने भोवळ येते."

"भोवळ याच्यासारख्यांना येते! आणि ए धाकू, मी कुंडात असताना खोपीतून डोकं बाहेर काढायचं नाही."

चातुर्मास संपला. काल्याच्या कीर्तनाला सारा गाव देवळात लोटला. धाकूला उचलून न्यायचे कोणाला आठवलेच नाही. वाऱ्याबरोबर मृदंग ऐकू येई आणि विरून जाई. खोपीत पडल्या पडल्या तो पुटपुटला, "माझ्यावाचून कोणाचं काय अडलंय?"

तेवढ्यात खोत आले. गड्याला त्यांनी काल्याला पाठवून दिले आणि कुंडात उतरले. बराच वेळ खाकरणे, पाणी उडवणे ऐकू येत होते. मग सगळे शांत झाले. धाकूने भीत भीत डोकावले, तर खोतांची मान कलंडलेली, हनुवटी पाण्यात!

त्याने हाका मारल्या. पण ऐकायला होते कोण? शेवटी तो खडकावरून खुरडत गेला आणि त्याने पाण्यात अंग टाकले. खोतांना काखेत धरले खरे, पण शेवाळावर पाय ठरेना. दोघेही खाली जाऊ लागले.

"महाराज!"

काय सांगावे! कोणीतरी त्याच्या बगलेत हात घातला. लाकडासारखा पाय गुडघ्यात वाकला, तळाशी रोवला गेला, आणि दोघे पायरीवर आले. धाकूने वळून पाहिले. कुंडात कोणीही नव्हते.

इकडे देवळात महाराज बोलता बोलता थांबले. जड ओझे उचलावे तसे वाकले. चिपळ्या हातातून निसटल्या. उपरणे चिंब भिजले, त्यातून वाफ निघू लागली आणि गंधकाचा वास गाभाऱ्यापर्यंत गेला. लोक थक्क झाले.

"हंडी फोडू नका," महाराज म्हणाले. "आपला एक माणूस बोलवायचा राहिलाय."

टाळ-मृदंगासह सारा गाव कुंडावर आला. दहीहंडी तिथेच फुटली आणि पहिला घास महाराजांनी धाकूला भरवला. धाकू घास तोंडात धरून नुसता रडत राहिला. पाय काही त्या दिवशी बरा झाला नाही. काठी टेकत देवळापर्यंत यायला त्याला पुढचा पावसाळा उजाडला.

खोत अंग पुसून, पागोटे चढवून पायरीवर बसले होते. "महाराज, मला दोघांनी वर ओढलं. एक हा धाकू. दुसरा कोण?"

महाराज पाण्यात बसले आणि धाकूचा पाय मांडीवर घेऊन चोळू लागले. खोत दर्शनाला पुढे सरकले, तर महाराजांचे चरण पाण्याखाली, आणि वर धाकूचा तो वाळलेला पाय. खोत क्षणभर थबकले. मग पागोटे काढून त्यांनी त्या पायावरच मस्तक ठेवले.