पाइपाच्या आतलं ग्रीस

एकदा एका गावात एक म्हातारा मिस्त्री राहत होता. गावाच्या वेशीवर खडी फोडायच्या मशिनी चालत, त्यामुळे तिथल्या झाडांची पानंसुद्धा राखाडी. मिस्त्रीचं डिझेल गाड्यांचं गॅरेज त्याच रस्त्याला लागून होतं. बोलणं कमी आणि कामात खोट नाही, अशी त्याची ख्याती. त्याच्या हाताखाली शिकून लहू नावाचा एक माणूस स्वतःची पिकअप चालवायला लागला होता. पस्तिशी उलटलेली, लग्न राहून गेलेलं. भाजीपाला भरायचा आणि तालुक्याच्या बाजारात पोचवायचा, हा त्याचा धंदा. गाडी चालली तर चूल पेटायची, इतका सरळ मामला.

लहूच्या घरी त्याची थोरली बहीण होती, गोदाक्का. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला. नवऱ्यानं टाकलेली बाई. गावानं तिला तेवढ्यावरच ओळखलं असतं, पण तिनं गावाला दुसरी ओळख करून दिली. ती उंबऱ्यात बसायची. कुणी वरातीला पिकअप फुकट मागायला येई, कुणी लहूला पत्त्यांच्या डावाला न्यायला येई, कुणी नुसताच घरातलं काय शिजतंय ते हुंगायला येई. आधी गाठ तिच्याशी. आवाज चढवायची नाही. "गाडीलाही पोट आहे, तुझ्यासारखंच," एवढं म्हणायची आणि पुढं तांदूळ निवडत राहायची. आलेला माणूस परत फिरायचा आणि चार घरं सांगत सुटायचा, की काय कजाग बाई आहे. अशी सगळ्या गावाची जीभ तिच्या अंगावर साचत गेली. लहूच्या कानावर त्यातलं थोडंच यायचं. पण जे यायचं त्याची त्याला लाज वाटायची. बोलणाऱ्यांची नाही, बहिणीची. पुरुषमाणसाला अशी लाज लवकर वाटते.

एके दिवशी तो तिला म्हणाला, "अक्के, तुझ्यामुळं ह्या घरात वारासुद्धा शिरत नाही."

गोदाक्कानं दोन लुगडी बोचक्यात बांधली आणि बापाच्या जुन्या छपरात राहायला निघून गेली. ते छप्पर तालुक्याच्या वाटेवर, वरच्या अंगाला, टेकाडावरच्या वाडीत होतं. वाटेवरच तर आहे, येता-जाता डोकावत जाऊ, असं लहूनं मनाशी ठरवलं. ठरवलेलं मनातच राहिलं.

घर मग भरायला लागलं. जो तो गोड बोले. लहूशेठ म्हणे. पिकअप वरातीला जाई आणि टाकी कोरडी करून परत येई. माणसं जेवत, हसत, हात धुऊन निघून जात, आणि खरकट्या ताटांसमोर लहू एकटा उरे. एकदा तो तापानं पडला. दिवसभर दाराची कडी वाजली नाही. छताकडे बघत पडल्या पडल्या त्याला उंबऱ्यातली तांदळाच्या सुपाची सळसळ आठवली, आणि त्यानं कूस बदलली.

ह्याच दिवसांत एका दोस्तानं त्याला सांगितलं, की तुझ्या गाडीचा हवेचा डबा इंजिनाचा गळा दाबतोय. तो काढ आणि बाहेरचा उघडा फिल्टर बसव. गाडी मोकळा श्वास घेईल, चढाला ओढेल, शिवाय आवाज असा की रस्ता वळून बघेल. लहूनं ऐकलं. बॉनेट उघडून त्यानं कंपनीचा काळा डबा सोडवला, आतल्या काळ्याकुट्ट कागदी फिल्टरसकट अंगणाच्या कोपऱ्यात फेकला. त्या जागी चकचकीत पाइप, पाइपाच्या तोंडाला तांबडी टोपीसारखी जाळी, आणि वर क्लॅम्प आवळला. किल्ली फिरवली तशी गाडी गुरगुरली. त्याला बरं वाटलं. घरात कुणी बोलत नव्हतं, गाडी तरी बोलायला लागली.

मोठ्या हौसेनं तो गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेला. त्याला शाबासकी हवी होती. म्हाताऱ्यानं आवाज ऐकला, जाळीवरून बोट फिरवलं, आणि क्लॅम्प ढिला केला. मग डबीतलं पांढरं ग्रीस बोटावर घेतलं आणि जाळीच्या पलीकडं, पाइपाच्या आतल्या अंगाला गोल फासलं. जसं होतं तसं परत आवळून टाकलं.

लहू बघत राहिला. जिथं नुसती हवा वाहते तिथं ग्रीसचं काय काम? तिथं ना काही फिरतं, ना घासतं. म्हाताऱ्याची नजर तर अधू झाली नाही ना, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"चालव," मिस्त्री म्हणाला. "पुढल्या बाजाराला ये. येताना तो टाकलेला डबा घेऊन ये."

लहूनं गाडी चालवली. खडीच्या रस्त्यानं, ट्रकांच्या धुरळ्यामागून, वाडीच्या फाट्यावरून, भरून जाताना आणि रिकामी येताना. चढाला ती जोरात गर्जायची आणि तो एकटाच हसायचा. बाजाराच्या दिवशी तो टाकलेला डबा घेऊन गॅरेजात हजर झाला.

मिस्त्रीनं पाइप सोडवला आणि आतल्या अंगाला बोट फिरवून बाहेर काढलं. पांढरं ग्रीस राखाडी झालेलं होतं. म्हाताऱ्यानं ते अंगठ्याखाली धरलं आणि हात लहूच्या कानाशी नेऊन चोळलं. बारीक कचकच झाली. दाताखाली खडा यावा तशी.

"ऐकलंस? हे तुझ्या इंजिनाच्या पोटात चाललंय."

लहूचं तोंड उतरलं. गाडी गेली तर त्याच्याकडे दुसरं होतं काय?

मिस्त्रीनं एका हातात ती तांबडी जाळी घेतली आणि दुसऱ्या हातात जुना फिल्टर.

"ही बघ. त्या रस्त्यानं फिरूनसुद्धा नव्या नवरीसारखी. तू हिला स्वच्छ समजलास. अरे, हिच्यावर धूळ बसलीच नाही, कारण हिनं कुणाला अडवलंच नाही. येईल त्याला वाट दिली. आणि हा. ह्याचं तोंड बघवत नाही, म्हणून तू ह्याला कोपऱ्यात टाकलास. पण तुझं इंजिन इतकी वर्षं धडधाकट राहिलं ते ह्याच्या जिवावर. तुझ्या वाटची सगळी घाण ह्यानं आपल्या अंगावर घेतली. हा तुझा श्वास कोंडत नव्हता लहू, गाळत होता."

लहूनं फिल्टरच्या काळ्या घड्यांवरून बोट फिरवलं. ट्रक गेला, धुरळा आला, बसला. शेवटी त्यानं विचारलं, "आत किती झिजलं असेल?"

"इंजिनाचं म्हणत असशील, तर अजून वेळ गेलेली नाही," म्हातारा म्हणाला. "बाकीचं मला इथून दिसत नाही."

लहूनं हवेची नळी उचलली आणि जुन्या फिल्टरवर बाहेरून झोत मारायला गेला. मिस्त्रीनं त्याचा हात धरला. बाहेरून मारलंस तर बसलेली धूळ आणखी रुतते, त्यानं सांगितलं, आतून हवा दे. मग लहूनं फिल्टर उलटा धरून आतून फुंकला. धुळीचे लोटच्या लोट निघाले. ते त्याच्या डोळ्यांत गेले, म्हणून डोळ्यांना पाणी आलं. निदान मिस्त्रीनं तरी तसंच समजून घेतलं.

डबा पूर्वीच्या जागी बसला. गाडी पुन्हा मुकी झाली. लहू त्या दिवशी तालुक्याला गेला नाही. फाट्यावर त्यानं गाडी वर वळवली.

गोदाक्का छपराच्या मागं गवऱ्या रचत होती. तो अगदी पाठीशी येऊन उभा राहिला तेव्हा ती दचकली.

"तू होय? आवाज नाही आला गाडीचा."

"काढून टाकला आवाज."

ती हात झटकत त्याच्याकडे बघत राहिली. "खालून ऐकू यायचा. लांबून कळायचं, तूच आहेस. आज वळेल म्हणून मी आधण ठेवायची. मग तो पुढं निघून जायचा." तिनं पदरानं हात पुसले. "केलेला चहा टाकायचा कशाला, म्हणून एकटीच घ्यायची. आज नाही ठेवलेलं काही. बस, ठेवते."

परत चल, हे वाटभर पाठ केलेलं वाक्य लहूच्या तोंडून फुटेना. ती आत गेली, चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला, आणि तो तिच्या उंबऱ्यात बसला. खालच्या रस्त्यानं खडीचा ट्रक चालला होता. त्याचा धुरळा टेकाड चढून वर येत होता.

"उंबऱ्यात नको बसूस," आतून ती म्हणाली. "सगळी धूळ अंगावर येते तिथं."

"येऊ दे," लहू म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला.